वर जाणारी माहिती, खाली न येणारा हिशोब

फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने दहा गोण्यांत ५१२ किलो कांदा भरून सोलापूरच्या बाजार समितीत आणला. लिलावात भाव निघाला किलोला एक रुपया. आलेल्या ५१२ रुपयांतून मोटारभाडे, हमाली, तोलाई मिळून ५०९ रुपये ५१ पैसे वजा झाले, २ रुपये ४९ पैसे उरले आणि हातात पडला पुढच्या तारखेचा दोन रुपयांचा धनादेश. देशभर बातमी झाली, संबंधित व्यापाऱ्याचा परवाना काही दिवस निलंबित झाला, आणि चर्चा बाजाराच्या निर्दयतेवर थांबली. निर्दयतेची चर्चा व्हायलाच हवी होती. पण ती हिशोबपट्टी शांतपणे वाचली तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. तिच्यात वजावट पैशापर्यंत मांडलेली होती. भाव एक रुपयाच का निघाला, याबद्दल मात्र अक्षर नव्हते. माल हलक्या प्रतीचा होता, असे व्यापाऱ्याचे म्हणणे होते. असेलही. पण प्रत कोणी आणि कशावरून ठरवली, त्या दिवशी तशाच प्रतीचा आणखी किती माल यार्डात उतरला होता, तो पुढे कोणत्या शहरात गेला आणि तिथे काय भावाने विकला गेला, यातले काहीच शेतकऱ्याला कळायची सोय नव्हती. ही माहिती आदल्या संध्याकाळी त्याच्या गावात पोचली असती, तर त्या गोण्या गाडीत चढल्याच नसत्या. काढणी, गोण्या, भाडे असा सगळा खर्च होऊन गेल्यावर ती त्याला कळली, तीही भावाच्या रूपात.

व्यवस्थापनशास्त्रात गेली तीसेक वर्षे एक आग्रह सतत मांडला जातो: पुरवठा साखळी आरपार दिसली पाहिजे आणि तिचे दुवे एकमेकांत जुळलेले असले पाहिजेत. कारखान्याला कच्चा माल कुठून येतो ते माहीत हवे, दुकानदाराला माल कुठे अडकला ते माहीत हवे. यात चूक काही नाही. मात्र हे दिसणे कोणाला, हा प्रश्न त्या आग्रहात क्वचितच विचारला जातो. सोलापूर जिल्ह्यात कांदा, डाळिंब, ऊस आणि टॉवेल-चादर या चार साखळ्या शेजारी शेजारी चालतात, आणि चौघींची जुळणी वेगवेगळ्या पायरीवर आहे. एकीत शेताचा गट नंबर परदेशातल्या बंदरापर्यंत जातो, दुसरीत माल लिलावाच्या ढिगात पडताक्षणी अनामिक होतो. या चारही साखळ्या एकत्र तपासल्या की एक गोष्ट सारखी पुढे येते. शेतातून आणि मागावरून माहिती वर जाण्याची सोय जिथे झाली आहे, तिथेही वरची माहिती खाली येण्याची सोय झालेली नाही. माझे म्हणणे असे की, माहिती दोन्ही दिशांनी वाहत नाही तोवर साखळी जुळली असे म्हणता येत नाही. आणि एकतर्फी जुळणी नैतिकदृष्ट्या अपुरी आहेच, धंद्याच्या हिशोबानेही ती तोट्याची आहे.

आधी जिथे बरेच काही साधले आहे तिथून सुरुवात करू. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा, माळशिरस या कमी पावसाच्या पट्ट्यात डाळिंबाने शेतीचा चेहरा बदलला. २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापूरलाच आले, २०१६ मध्ये सोलापूर डाळिंबाला भौगोलिक निर्देशांक मिळाला, आणि भगवा वाणाच्या गर्द रंगाने बाहेरच्या बाजारात जागा मिळवली. निर्यातीसाठी ‘अपेडा’ या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेने अनारनेट ही नोंदणी व्यवस्था उभी केली. तिच्यात बाग कृषी विभागाकडे नोंदवायची, बागेला क्रमांक मिळतो, फवारणीच्या नोंदी ठेवायच्या, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत उर्वरित अंश तपासायचे, मान्यताप्राप्त पॅकहाऊसमध्येच माल बांधायचा. पेटीवरच्या क्रमांकावरून मागे मागे जात बागेपर्यंत पोचता येते. ६ डिसेंबर २०२४ रोजी निघालेली सोलापूर भागातल्या भगवा डाळिंबाची ५.७ टनांची खेप समुद्रमार्गे १३ जानेवारी २०२५ ला सिडनीत पोचली. तीन-तीन किलोच्या १,९०० पेट्या होत्या. पाच आठवड्यांहून अधिक काळ पाण्यावर राहून फळ टिकले, यामागे सोलापूरच्या केंद्राने ‘अपेडा’बरोबर केलेले साठवणुकीचे प्रयोग होते, त्यांत फळ साठ दिवसांपर्यंत टिकवता आले होते. विमानाऐवजी जहाजाने माल गेला की वाहतुकीचा खर्च किती उतरतो हे वेगळे सांगायला नको. पण जहाजाने माल पाठवायचा तर काढणीचा दिवस, शीतकरण, कंटेनर, जहाजाची तारीख आणि तिकडच्या विलगीकरण खात्याचे नियम हे सगळे एकमेकांत आधीच बसवावे लागते. साखळी जुळते म्हणजे काय होते याचे हे आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण आहे, आणि त्याचा अभिमान वाटावा असे ते आहे.

आता याच साखळीत शेतकऱ्याच्या जागी उभे राहून काय दिसते ते पाहू. ग्राहक देशाला बागेचा क्रमांक दिसतो, औषधांची यादी दिसते, काढणीची तारीख दिसते. बागायतदाराला मात्र आपली पेटी तिकडे कोणत्या प्रतीत गणली गेली, किती फळे बाद झाली आणि कशामुळे, दुकानात ती काय दराने विकली गेली, हे दाखवणारी त्याच तोडीची व्यवस्था नाही. निर्यातदार सांगेल तेवढे त्याला कळते. तेल्या आणि मर या रोगांशी झुंजत बहार धरणाऱ्या माणसाला ही माहिती कुतूहलासाठी नको असते. फळाच्या सालीवरचा डाग वाहतुकीत आला की बागेत, हे नेमके कळले तर पुढच्या हंगामात खर्च कुठे करायचा ते ठरते. उलटा प्रवाह नसला की काय होते, याचा धडा द्राक्षाने २०१० मध्येच दिला आहे. २००३ मध्ये युरोपात उर्वरित अंशावरून आपली द्राक्षे अडली, त्यातून अंश-तपासणीची योजना आणि पुढे ग्रेपनेट उभे राहिले. देशातली ती सर्वांत बारकाईची मागोवा व्यवस्था मानली गेली. तरीही २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे युरोपात कंटेनर नाकारले गेले, कारण ते रसायन आपल्याकडच्या तपासणीच्या यादीतच नव्हते. बागेपर्यंतचा माग अचूक लागत होता. तिकडे कशाची तपासणी होते ही माहिती इकडे वेळेवर उतरली नव्हती. फटका द्राक्षबागायतदारांना बसला आणि अनेकांचे कर्जाचे हप्ते त्यात अडकले.

उसाचे उदाहरण थोडक्यात, पण ते टाळता येणार नाही, कारण राज्यात साखर कारखान्यांच्या संख्येत सोलापूर जिल्हा अगदी पुढच्या रांगेत आहे. जुळणीच्या दृष्टीने उसाइतकी बांधलेली साखळी शेतीत दुसरी नाही: लागवडीची नोंद, तोडणीचा कार्यक्रम, टोळी, वाहन, गव्हाण, सगळे कारखान्याच्या वहीत. पैसे चौदा दिवसांत देण्याची तरतूद ऊस नियंत्रण आदेशात १९६६ पासून आहे. इतके असूनही काटामारीचा संशय दर हंगामात उठतो. एफआरपी, म्हणजे उसाची सरकारने ठरवलेली रास्त किंमत, साखरेच्या उताऱ्याशी बांधलेली आहे. २०२४-२५ च्या हंगामात ती १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होती. म्हणजे शेतकऱ्याला मिळणारी किंमत ज्या दोन आकड्यांवर ठरते, वजन आणि उतारा, ते दोन्ही आकडे कारखान्याच्या आवारात, कारखान्याच्या यंत्रावर आणि कारखान्याच्या प्रयोगशाळेत ठरतात. बहुतेक काटे चोख असतीलही. पण उत्पादकाला स्वतः पडताळता येत नाही अशा आकड्यावर विश्वास ठेव, असे त्याला दर वर्षी सांगणे फार काळ चालत नाही. साखळी बांधलेली असणे आणि ती दोन्हीकडून दिसणे, या वेगळ्या गोष्टी आहेत.

कांद्याची साखळी तर बांधलेलीही नाही, आणि म्हणून तिच्यातली हानी सर्वांत उघड आहे. खरीप आणि रांगडा कांदा निघू लागला की सोलापूरचे यार्ड राज्यातल्या सर्वांत मोठ्या कांदा बाजारांपैकी एक होते. मराठवाड्यातून आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही माल येतो. आवक इतकी वाढते की कधी लिलाव बंद ठेवण्याची वेळ येते. इथे नेहमी एक उत्तर दिले जाते की भाव तर रोज जाहीर होतात: पणन मंडळ आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर प्रसिद्ध करते, आणि ते आकडे गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत फिरतात. हे खरे आहे, पण ते कालचे दर असतात. किमान एक रुपया आणि कमाल त्याच्या अनेक पट, अशा पट्ट्यात आपला माल कुठे बसेल हे त्यातून कळत नाही. उद्या किती गाड्या येणार तेही कळत नाही. कालचा चढा दर पाहून आज शंभर गावांतून गाड्या निघतात आणि उद्या त्या सगळ्या एकाच दारात उभ्या राहतात.

हा दोष शेतकऱ्याच्या समजुतीचा नाही, आणि तो केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत जे फॉरेस्टर यांच्या गटाने १९६० च्या सुमारास बिअरच्या पुरवठ्याचा एक खेळ बसवला. कारखाना, वितरक, घाऊक विक्रेता, किरकोळ विक्रेता अशा चार जागा. प्रत्येकाला फक्त शेजाऱ्याची मागणी कळते. दुकानातली मागणी एकदाच थोडी वाढते, पण वर कारखान्यापर्यंत पोचेतो ती प्रचंड चढ-उतारात बदलते. जगभर हजारो शहाण्या माणसांनी तो खेळला आणि बहुतेक सगळे त्याच खड्ड्यात पडले. १९९७ मध्ये संशोधक हाऊ ली आणि सहकाऱ्यांच्या लेखनामुळे हा प्रकार आसुडाच्या नावाने ओळखला जाऊ लागला: मूठ जराशी हलते, टोकाला फटका मोठा बसतो. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला बाळांच्या लंगोटांच्या मागणीत हेच आढळले होते. बाळांची संख्या तर आठवड्यागणिक बदलत नाही, मग मागणी इतकी का हलते? कारण प्रत्येक दुवा पुढचे न पाहता फक्त शेजाऱ्याच्या हालचालीवर निर्णय घेत होता. कांद्यात तेच घडते, आणि पीक निघायला महिने लागत असल्याने ते अधिक महाग पडते.

यावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. सगळ्यांना सगळे दिसू लागले तर सगळे एकसारखेच वागतील. आजच चढा भाव पाहून सारा तालुका कांदा लावतो, माहिती वाढली तर ही झुंड आणखी वाढेल. पण हा आक्षेप भावाच्या माहितीला लागू आहे, क्षेत्राच्या माहितीला नाही. झुंड होते ती भाव दिसतो आणि शेजाऱ्याची लागवड दिसत नाही तेव्हा. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू आहे. शेतकरी स्वतः मोबाइलवरून आपले पीक आणि क्षेत्र नोंदवतो. ती नोंद अनुदान, विमा, कर्जाच्या कामी लागते. हीच नोंद कोणाचे नाव न घेता, तालुकावार, आठवड्याला आठवडा जोडत सर्वांसाठी खुली ठेवली, तर रोपे टाकण्याआधी माणसाला दिसेल की बार्शीत, धाराशिवात किती कांदा लागला आहे. काही जण तेव्हाही लावतील, काही जण ज्वारी-हरभऱ्याकडे वळतील. माहिती शेतकऱ्याने दिलेली आहे. तिचा एकत्रित आकडा त्याला पहिल्यांदा मिळावा, ही मागणी फार मोठी नाही.

दुसरा आक्षेप शेतकरी चळवळीतून येतो आणि मला तो अधिक वजनदार वाटतो. सरकारला साठा दिसला की सरकार तो दाबते. १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क आले, ८ डिसेंबरपासून पूर्ण बंदी आली, म्हणजे सोलापुरात आवक चढत असताना नेमकी. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही किमान निर्यात मूल्य आणि शुल्क लावून. शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. अशा अनुभवानंतर कुणी आपल्या चाळीतला साठा स्वखुशीने नोंदवावा तरी का? पण यातून माहिती लपवावी असा निष्कर्ष काढणे मला पटत नाही, कारण लपवलेल्या साठ्याचा अंदाज सरकार तसेही बांधते आणि घाबरून चुकीचा बांधते. सरकार आपला हिशोब उघड करत नाही, हे खरे दुखणे आहे. शहरातल्या ग्राहकाचा कांदा कोणत्या दराला गेला की निर्यातीला हात लावला जाईल, आणि कोणत्या दराखाली उतरला की खरेदी सुरू होईल, हे दोन आकडे हंगामाआधी जाहीर असले पाहिजेत. शेतकऱ्याने क्षेत्र सांगायचे आणि दिल्लीने मात्र रात्रीतून अधिसूचना काढायची, हा सौदा कोणत्याही व्यापारात मान्य होणार नाही.

कापडाकडे वळताना चित्र बदलते, तत्त्व बदलत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभ्या राहिलेल्या जुन्या मिलपासून लक्ष्मी-विष्णूपर्यंत गिरण्यांच्या काळात सोलापुरात कापूस ते कापड हा प्रवास एका आवारात दिसत असे. गिरण्या बंद पडल्या, आणि हातमागावरून यंत्रमागावर आलेल्या, मुख्यतः पद्मशाली समाजाच्या कारखानदारांनी व विणकरांनी टॉवेल-चादरीचा धंदा उभा ठेवला. आता सूत बाहेरून येते. वार्पिंग, सायझिंग एकीकडे, कांडी भरणे दुसरीकडे, विणाई तिसरीकडे, रंगणी प्रोसेस हाऊसमध्ये, आणि कडांची शिलाई अनेकदा बायकांच्या हातून, कधी घरीही. अशा विखुरलेल्या साखळीत मोठा खरेदीदार फक्त शेवटच्या पॅकिंगवाल्याला ओळखतो. त्याचा परिणाम काय होऊ शकतो ते जगाने २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळच्या राणा प्लाझात पाहिले. अकराशेहून अधिक कामगार गेले, आणि ढिगाऱ्यात लेबले सापडेपर्यंत आपले कपडे त्या इमारतीत शिवले जातात हे कित्येक ब्रँडांना सांगता येत नव्हते. सोलापुरातही १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जणांचा जीव गेला. त्यांत मालकाचे कुटुंबीय होते आणि कामगारांचे कुटुंबीयही. काम आणि वस्ती एकाच आवारात असते हे सोलापूरकरांना माहीत असते. टॉवेल विकत घेणाऱ्याला ते माहीत नसते, आणि त्याने दिलेल्या दरात सुरक्षित दार-जिन्याचा खर्च धरलेला आहे की नाही हे त्याला कुणी विचारत नाही.

याच शहरात माग लागण्याचा फायदा सरळ उत्पादकाला मिळू शकतो असेही एक ठिकाण आहे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना भौगोलिक निर्देशांक मिळाला तो देशातल्या अगदी सुरुवातीच्या यादीत, डाळिंबाच्या कितीतरी आधी. तरी दुसऱ्या राज्यात विणलेली चादर ‘सोलापुरी’ म्हणून देशभर विकली जाते, कारण दुकानात उभ्या ग्राहकाला खरी-खोटी ओळखायची साधी सोय नाही. प्रत्येक चादरीवर विणणाऱ्या कारखान्यापर्यंत पोचवणारा क्यूआर कोड असेल, तर नक्कल करणाऱ्याला नावाचा आधार उरणार नाही. सुरुवात इथून व्हावी, कारण इथे नोंद ठेवणाऱ्याच्याच खिशात तिचे मोल पडते. केंद्राच्या ‘कस्तुरी कॉटन भारत’ योजनेत गाठीवर क्यूआर कोड आहेच, पण तो मागोवा जिनिंगमधल्या गाठीपासून सुरू होतो. कापूस पिकवणारा त्याच्या अलीकडे राहतो.

लहान माणसाला हा नोंदींचा बोजा परवडणार नाही, असा शेवटचा आक्षेप घेतला जातो. चार-आठ माग चालवणारा दिवसभर फॉर्म भरत बसेल का? तो बसणार नाही, आणि त्याने बसावे अशी अपेक्षाही अन्यायाची आहे. नोंदीची गरज ज्याला आहे, तिचा खर्च त्याने दरात धरायला हवा. आडत्याविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. तो केवळ मधला माणूस नाही. उचल देतो, बुडीत सोसतो, लांबच्या खरेदीदाराची पत ओळखतो. त्याने आपल्या ग्राहकांची नावे उघड करावीत असे कोणी म्हणत नाही. लिलावाआधी प्रत लिहिली जावी, तिचा निकष यार्डात टांगलेला असावा, आणि गाडी कोणत्या बाजारात गेली ते पट्टीवर यावे, एवढ्याने त्याचा धंदा बुडणार नाही.

नोंदींची मागणी आता बाहेरूनही येऊ लागली आहे. युरोपीय संघाचा टिकाऊ उत्पादनांचा नियम १८ जुलै २०२४ ला लागू झाला. त्यात वस्तूंसाठी डिजिटल पासपोर्टची तरतूद आहे, आणि एप्रिल २०२५ च्या कार्ययोजनेत कापडाला प्राधान्य मिळाले आहे, सुरुवातीचा भर अंगावरच्या कपड्यांवर. सोलापुरात गणवेश आणि तयार कपड्यांचाही धंदा आहे, आणि टॉवेलची पाळी पुढे येईल असे धरून चालणे शहाणपणाचे. धागा कुठला, रंग कोणता, पाणी किती, विणले कुठे, हे सगळे विचारले जाईल. त्या प्रश्नावलीवर सही करण्याआधी इथल्या संघटनांनी खरेदीदाराकडून तीन गोष्टी लेखी मागाव्यात: पुढच्या सहा महिन्यांच्या ऑर्डरचा अंदाज, माल नाकारल्यास कारणाचा तपासणी अहवाल, आणि पैसे कोणत्या तारखेला येणार. लघुउद्योगांना ४५ दिवसांत पैसे देण्याचा कायदा २००६ पासून आहे, आणि आता ते थकवल्यास आयकरात त्या वर्षी वजावट मिळत नाही. पण तो परदेशी खरेदीदाराला लागू नाही. म्हणून ही तारीख करारातच लिहून घ्यावी लागेल, आणि ती घेण्याची ताकद एकेकट्या कारखानदारात नाही, संघटनेत आहे.